गोव्यात आयटीची नोकरी मिळते, पण पेशा कुठे मिळतो?

तिस्क_फोंडा (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात माझ्याकडे काम करणारा चौथा मुलगा पुण्याला गेला. राजीनामा द्यायला आला तो काजूगरांची पिशवी घेऊनच, म्हणजे भांडण नाही हे मला आधीच कळावं. मी म्हटलं, पगार वाढवतो. तर म्हणतो, "सर, पगाराचं नाही हो. उद्या तुमचं माझं पटलं नाही, किंवा तुमचं काम आटलं, तर फोंड्यात मी जाऊ कुठे? पुण्यात एका गेटातून बाहेर पडलो तर समोरच्या गेटात शिरता येतं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. काजूगर मात्र चांगले होते.

माझं सहा जणांचं (आता पाच) सॉफ्टवेअरचं दुकान आहे. मी स्वतः फर्मागुढीच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा, अकरा वर्षं पुण्यात काढून परत आलेला. तेव्हापासून धोरणं मोजतोय. २०१५ चं आयटी धोरण, २०१७ चं स्टार्टअप धोरण, २०१८ चं आयटी गुंतवणूक धोरण, २०२० चं दूरसंचार सुविधांचं, २०२१ चं पुन्हा स्टार्टअपचं. सगळी वाचलीत, काहींचा थोडाफार फायदाही घेतलाय, खोटं कशाला बोलू. पण प्रत्येकात भरणा कशाचा? जमीन, इमारत, भाड्यात सवलत, व्याजात सवलत. दोनापावलाचा आयटी हॅबिटॅट आठवा, चिंबलचं आयटी पार्क आठवा, तुयेचं इलेक्ट्रॉनिक क्लस्टर आठवा. आमच्याकडे आयटी म्हटलं की आधी चौरस मीटर येतात, मग मोर्चा येतो, माणूस येतोच कुठे?

शिकायची सोय नाही असंही नाही. फर्मागुढीचं कॉलेज १९६७ चं. झुआरीनगरला बिट्स २००४ पासून, राज्यात एनआयटी २०१० पासून. आयआयटी तर २०१६ पासून आमच्या फर्मागुढीच्याच आवारात पाहुणी आहे. एवढ्याशा राज्यात एवढं शिक्षण दुसरीकडे शोधून दाखवा. मग पंचविशीचा मुलगा इथेच राहून पंचेचाळिशीचा जाणता होतो, ही साखळी कुठे तुटते? अनुभव लिहा. राजकीय पक्षांची धुणी कृपया दुसऱ्या घाटावर.

हिंजवडीवासी

तुमचा मुलगा बरोबर बोलला. मी डिचोलीचा, चौदा वर्षं इथे आहे. चार कंपन्या झाल्या आणि एकदाही घर बदलावं लागलं नाही. गोव्यात दुसरी नोकरी म्हणजे दुसरं शहर. वेर्ण्याला पर्सिस्टंट आहे, २००५ मध्ये कंट्रोलनेट विकत घेऊन आलेली. अशा आणखी आठदहा असत्या तर मी रोज साखळीहून अपडाऊन केलं असतं, मांडवीच्या पुलावरचा ट्रॅफिक सोसून.

एस्टोनियाची लोकसंख्या साधारण तेरा लाख. गोव्याची २०११ च्या जनगणनेत १४ लाख ५८ हजार. त्यांनी १९९६ मध्ये शाळा-शाळांत संगणक आणि जोडणी नेली, २००१ मध्ये सरकारी खात्यांच्या नोंदी एकमेकींशी बोलतील अशी एक्स-रोड बांधली, २००२ मध्ये प्रत्येकाला डिजिटल ओळखपत्र. आपल्याला काय झालं?

पेडण्याचो_भाटकार

आपल्याला घरासमोरच्या ओट्यावरचा सोपो झाला. बसायला बरा.

लेजरकाका

हिंजवडीवासी, एस्टोनिया देश आहे बाबा. कायदा त्यांचा, तिजोरी त्यांची. आपल्याला माहिती तंत्रज्ञानाचा कायदा दिल्लीचा, २००० सालचा. आधार दिल्लीचं. राज्याच्या हातात काय उरतं? शाळा, पंचायत, नोकरभरती, आणि आपलं स्वतःचं काम कोणाकडून करून घ्यायचं ते. पण हे काही थोडं नव्हे.

मी मडगावात बँकेत होतो. १९८३ मध्ये बँका आणि युनियन यांच्यात यंत्रांबद्दल करार झाला, पुढे रंगराजन समिती बसली, आणि शाखांतून खातेवहीत नोंदी करणारी लेजर पोस्टिंग मशीनं येऊ लागली. एएलपीएम म्हणायचे. आमच्या शाखेत ते आलं त्या दिवशी कॅशियरने त्याला हळदकुंकू लावलं आणि जेवणाच्या सुट्टीत त्याच्याविरुद्ध घोषणाही दिल्या. दोन्ही मनापासून.

पण करार करून झालं होतं, म्हणून कोणाला घरी पाठवलं नाही. माझ्यासारख्या चाळिशीला टेकलेल्या कारकुनाला शिकायला धाडलं, मशीन चालवणाऱ्याला वेगळा भत्ता दिला. रात्री दिवसाचा ताळा जुळला नाही तर हाताचं लेजर आणि मशीनची पट्टी शेजारी ठेवून ओळीवर बोट फिरवत बसायचो. ताळा कुठे चुकतो हे मला हाताच्या लेजरामुळे माहीत होतं, म्हणून मशीनची चूक मला दिसायची. नवीन पोरांना ती दिसायची नाही. धोरण करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: कामातला जुना माणूस शिकवून पुढे नेला तर तो दुप्पट उपयोगी पडतो. दिल्लीत १९८४ चं संगणक धोरण, १९८६ चं सॉफ्टवेअर धोरण, १९९१ मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क, हे सगळं निर्यातीच्या दिशेने गेलं. घरातल्या कारकुनाला शिकवायचं काम मात्र बँकांनी केलं.

सत्तरीची_ऑपरेटर

पहिल्यांदाच लिहितेय, चूकभूल सांभाळून घ्या.

माझं पद डेटा एंट्री ऑपरेटर. कंत्राट अकरा महिन्यांचं, मग एक दिवस खंड, मग पुन्हा अकरा. हे सातवं वर्ष. पंचायतीत नेट चालत नाही तेव्हा राउटर मी बघते. प्रिंटरचा रोलर मी पुसते. माकडांनी केबल ओरबाडली तर फोन मी करते आणि माणूस येईपर्यंत शिव्या मी खाते. उतारे, दाखले, अर्ज सगळं ऑनलाइन, आणि ऑनलाइन म्हणजे माझं टेबल.

मागच्या जुलैत सकाळीच झाड पडून वीज गेली. यूपीएस टीं टीं करत होता. बाकावर अकरा माणसं. त्यात एक आजी, जन्मभर सुपारी सोललेली. आधारवर बोट जुळेना. दोन्ही अंगठे झाले, मग तर्जनी, मग मधलं बोट. यूपीएस बंद पडायच्या आत करंगळी जुळली एकदाची. आजी म्हणाली, "बरें जालें, धाकटीन हांवें चड काम करूंक ना." (बरं झालं, करंगळीने मी फार काम केलेलं नाही.) सगळे हसले. मी पण हसले आणि मग लगेच स्क्रीन काळी.

हे काम कौशल्याचं आहे की नाही मला माहीत नाही. कुठल्या प्रमाणपत्रात ते लिहिलेलं नाही. सात वर्षांपूर्वी होते तीच मी आज ऑपरेटर आहे आणि आणखी सात वर्षांनी असेन, कंत्राट राहिलं तर. वरची पायरीच नाही. शिपायाला निदान कारकून व्हायचा रस्ता असतो.

शाळेतली_बाय

सत्तरीची ऑपरेटर, तुमच्या करंगळीच्या प्रतिसादावर धागाकर्त्याने वेगळं धोरण लिहावं.

मी केप्याकडे माध्यमिक शाळेत. २०२१ पासून सहावी ते आठवीला कोडिंग आणि रोबोटिक्स आहे, 'केअर्स' म्हणून योजना. मी विज्ञानाची, तरी प्रशिक्षण घेऊन शिकवते. मुलं स्क्रॅचमध्ये मांजर नाचवतात, आणि गेल्या वर्षी एकाने मांजराऐवजी घोडेमोडणीच्या नाचातला घोडा आणून ठेवला, ढोलाच्या आवाजासकट. मला तर तिथेच पगार वसूल झाला.

अडतं कुठे? वीसातलं सहावं यंत्र बंद पडलं की ते बंदच. तक्रार जाते, वर जाते, आणखी वर जाते. मी स्वतः सायबरएजच्या पिढीतली. २००२ च्या सुमारास पर्रीकरांच्या काळात अकरावीच्या मुलांना घरी संगणक देण्याची योजना आली तिची. आमच्या घरी आला तेव्हा शेजारचे बघायला आले. नेट नव्हतं, मी पत्ते खेळले. पण माझ्या भावाने तो पहिल्या पावसाळ्यातच उघडला, कारण आत मुंग्यांनी घर केलं होतं. तो आज त्याच धंद्यात आहे. योजनेच्या कागदावर लाभार्थी मी होते, इंजिनिअर मुंग्यांनी केला.

केरळने २००१ मध्ये आयटी अॅट स्कूल सुरू केलं, काही वर्षांनी मुक्त सॉफ्टवेअर धरलं आणि शिक्षकांनाच यंत्रांचे जाणकार केलं. पुढे २०१८ मध्ये 'लिटल काइट्स' काढून मुलांच्याच हाती सांभाळायला दिलं. तिथलं मल्याळम टंकलेखन, फाँट, यांवर काम करणारी बरीच मंडळी मुक्त सॉफ्टवेअरच्याच वातावरणातली. पेचकस हातात दिल्याशिवाय पेशा येत नाही असं माझं मत झालंय.

कोपावाला

बाई, पेचकसाला +१.

मी आयटीआयत कोपा शिकवतो. कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट, एक वर्षाचा ट्रेड, दहावी पास. नव्या अभ्यासक्रमात पायथॉनही आलं. पण 'ऑपरेटर' आणि 'प्रोग्रॅमिंग' यांच्यामधल्या 'अँड'मध्ये एक अख्खी दरी आहे. पोरं ऑपरेटर होऊन बाहेर पडतात, कारण बाजारात मागणी तेवढीच. दुकानात बिलं, सीएकडे टॅली, पंचायतीत वरच्या ताईंसारखं.

आणि ताई, तुम्ही जे करता त्याला आमच्याकडे नेटवर्क सपोर्ट, हार्डवेअर मेंटेनन्स आणि सिटिझन सर्व्हिस अशी तीन पदं लागतात. तुम्ही एका पगारात तीन आहात, एवढंच.

पेडण्याचो_भाटकार

आता जरा गंभीर लिहितो, सवय नाही.

२०२० च्या लॉकडाउननंतर मोरजी-आश्वे पट्ट्यात माझ्यासारख्यांची भाड्याची खोली कधी रिकामी राहिली नाही. येणारा आधी समुद्र किती लांब विचारायचा, आता वायफाय किती आणि इन्व्हर्टर आहे का ते विचारतो. माझ्याकडे सध्या एक बंगळूरची बाई आहे. ती कुठल्याशा अमेरिकन बँकेची सुरक्षा बघते. रात्री दोनला तिच्या खोलीत दिवा असतो. खालच्या वाड्यावरचा पोरगा तिला स्कूटर भाड्याने देतो आणि तो कोपा पास आहे! दोघांची ओळख म्हणजे स्कूटरची चावी. सरकार म्हणतं बाहेरचे तंत्रज्ञ आले, गोवा पुढे गेला. पुढे गेलं ते माझं भाडं.

कोपावाला

भाटकारबाब, हे मी करून बघितलंय. असाच एक जण ओळखीने सापडला, शनिवारी दोन तास शिकवायला तयार झाला. आला अर्ध्या चड्डीत, केस बांधलेले. गेटवर वॉचमनने अडवला, "पालक मीटिंग आज नाही" म्हणून. आत आणला. त्याने पोरांना गिट शिकवलं, म्हणजे चार जणांनी एकाच फायलीत लिहिलं तर कोणी कधी काय बदललं याचा हिशोब कसा राहतो ते. फळ्यावर तियात्राची, म्हणजे कोकणी नाटकाची, संहिता घेऊन समजावलं: एकाने गाणं बदललं, दुसऱ्याने संवाद कापला, आता प्रयोगाची प्रत कोणती? पोरं टक लावून. शेवटी एकाने हात वर करून विचारलं, "सर, हें परीक्षेक आसा?"

तो पुन्हा आला नाही. दोष त्याचा नाही. मानधनाचं बिल पास व्हायला त्याच्याकडून जो कागद मागितला तो त्याच्या जन्मगावी होता.

मिरामारची_वकीलबाय

चर्चा छान चाललीय, पण 'पेशा' शब्दावर थोडी अडते. मी वकील. माझ्यामागे १९६१ चा कायदा आणि बार कौन्सिल आहे, चुकले तर सनद जाऊ शकते. सीएला १९४९ चा कायदा, वास्तुविशारदाला १९७२ चा. तुम्हा मंडळींना काय आहे? कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया १९६५ पासून आहे, पण तिचं सदस्यत्व ऐच्छिक. कोणीही उठून इस्पितळाचं सॉफ्टवेअर लिहू शकतो. मग चुकीचा जबाबदार कोण?

तिस्क_फोंडा

वकीलबाय, सनद आणली तर माझ्याकडचे पाचातले तीन घरी जातील. एक बीएस्सी, एक कॉमर्स, एकाने कॉलेज अर्ध्यात सोडलेलं. आणि तो अर्ध्यात सोडलेलाच सगळ्यात हुशार आहे.

पण तुमचा मुद्दा सोडून देता येत नाही. एका खासगी दवाखान्याचं काम घेतलं होतं. गेलो तेव्हा सगळ्या रुग्णांची नावं, आजार, फोन नंबर एका एक्सेलमध्ये, आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला पिवळ्या चिठ्ठीवर. मी चिठ्ठी काढली. दुसऱ्या दिवशी फोन आला, "सिस्टिम बिघडवून गेलात." चिठ्ठी परत लावावी लागली.

कायदा यायचा तो आलाय. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशाप्रमाणे सायबर घुसखोरी लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं आणि १८० दिवसांचे लॉग, म्हणजे यंत्रावर कधी काय झालं त्याच्या नोंदी, जपायचे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात दंड अडीचशे कोटींपर्यंत जातो. फोंड्यातल्या दवाखान्यात लॉग म्हणजे काय ते सांगणारा माणूस नाही. सनद नको, पण दवाखान्यात चिठ्ठी काढली तर ती काढलेलीच राहील एवढं वजन तरी आमच्या शब्दाला हवं.

मिरामारची_वकीलबाय

ते वजन फुकट मिळत नाही हो. आमच्याकडे ज्युनिअर पाच वर्षं सीनिअरच्या फायली उचलतो. तुमच्याकडे उचलायला सीनिअर आहे कुठे? तो हिंजवडीत बसून प्रतिसाद टंकतोय.

हिंजवडीवासी

लागलं.

तिस्क_फोंडा

खरं सांगू का, गोव्यातल्या कंपन्यांना टिकवणारा एक मोठा गिऱ्हाईक इथेच आहे. गोवा सरकार. त्याचं काम असं आहे की जगात दुसऱ्या कोणाला जमणार नाही.

जुन्या नोंदींचं घ्या. पोर्तुगीज काळातल्या दप्तरात प्रभूंचं 'पोरोबो' झालंय, कामतांचं 'कामोतीम', शेणव्यांचं 'सिनाय', केंकऱ्यांचं 'केंक्रो'. मुक्तीनंतरच्या कागदात तेच आडनाव देवनागरीत दोन तऱ्हांनी. मग एक-चौदाच्या उताऱ्यात (आमचा सातबारा) चौथ्या तऱ्हेने, कधी कब्जेदाराच्या रकान्यात, कधी कुळाच्या. जमीन विकायची, वारसा लावायचा, पोर्तुगालचा पासपोर्ट करायचा, माणूस या चार स्पेलिंगांच्या मधे लटकतो. ही चारही नावं एकाच माणसाची हे ओळखणारं सॉफ्टवेअर बंगळूरच्या इंजिनिअरला कसं लिहिता येईल? त्याला पोरोबो म्हणजे कोण ते माहीत नाही.

वर फाँटची गंमत. कित्येक वर्षांचे देवनागरी कागद युनिकोडच्या आधीच्या फाँटांत टाइप केलेत. पडद्यावर मराठी दिसतं, दुसरीकडे चिकटवलं की रोमन अक्षरांची खिचडी. शोध घेतला तर काहीच सापडत नाही. कागद स्कॅन झाला, डिजिटल झाला, आणि पूर्वीपेक्षा जास्त हरवला.

अशाच एका कामाची निविदा निघाली होती. खातं सांगत नाही. आम्ही नमुना करून ठेवला होता, चालता. अट अशी की मागच्या तीन वर्षांची उलाढाल इतके कोटी. केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत नियम १७३ आहे, स्टार्टअपला उलाढालीची नि अनुभवाची अट शिथिल करता येते, दर्जा राखून. 'येते' म्हणजे केलीच पाहिजे असं नाही. काम बाहेरच्या कंपनीला गेलं. दोन महिन्यांनी तिचा फोन, "तुमच्याकडे काहीतरी तयार आहे म्हणे?" एक तृतीयांश पैशात आम्हीच केलं. नाव त्यांचं, अनुभवाचा दाखला त्यांचा. म्हणजे पुढच्या निविदेतही मी अनुभवशून्य.

मुलगा गेला तो याच कामावर होता. पोरोबोची पहिली यादी त्याची.

सत्तरीची_ऑपरेटर

सर, ते नावं जुळवायचं काम मी रोज हाताने करते. माझ्याकडे वही आहे. गांवकर, गावकर, गावकार, गांवकार असं लिहून ठेवलंय, कुठल्या वाड्यावर कसं लिहितात ते सुद्धा. दोनशे पानी वही भरली, दुसरी चालू आहे. उपयोग होईल का?

तिस्क_फोंडा

ताई, मी एक दिवस येऊन फक्त ती वही बघू का? फुकट नको. यादीचे पैसे आणि तुमचं नाव, दोन्ही लागेल. आणि पायथॉन शिकायचं असेल तर कोपावाले जवळच आहेत.

कोपावाला

शनिवारी सकाळी लॅब उघडी असते. ताईंनी यावं. परीक्षेक ना.

हिंजवडीवासी

मी शनिवारी संध्याकाळी सात ते आठ तुमच्या मुलांचं कोड वाचून देईन. एक तास, जास्त कबूल करत नाही, बायको हा धागा वाचते. आणि पुण्याला आलेल्या मुलाचा नंबर खासगी निरोपात (व्यनि) पाठवा. इथे पहिले सहा महिने कठीण असतात, माशांच्या बाबतीत तर फारच.

पेडण्याचो_भाटकार

बंगळूरच्या बाईला विचारलं. ती म्हणते येईन, पण दुपारी तीननंतर, तिची सकाळ तेव्हा होते. पँट घालून पाठवतो.

लेजरकाका

तिस्कबाब, आमच्या बँकेत जुनी खाती पोर्तुगीज स्पेलिंगचीच होती. नमुना सह्या जुळवताना मी कितीतरी वर्षं हेच केलं. 'नाईक' शेवटी 'क्यूयूई' लावून लिहिणारे निराळे, साधं 'के' लिहिणारे निराळे, आणि एकाच घरात बाप असा नि मुलगा तसा. बसून सांगेन. बुधवारी कदंबने येतो. तिस्कावर उतरू की पुढे स्टँडवर?

तिस्क_फोंडा

तिस्कावरच उतरा काका, मी खाली उभा राहतो. वाचायचा चष्मा आणा, स्कॅनमधलं हस्ताक्षर फार बारीक आहे.